तीन नंबरचं मशीन आणि मामांची चावी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला वळला की मी पातेल्यात बोट बुडवून बघते. कुलूप लावल्यावर दोनदा ओढते आणि रस्त्याच्या वळणावरून परत येऊन तिसऱ्यांदा ओढते. पोलादपूरला आमच्या सासूबाई म्हणायच्या, "हिला आरती झाल्यावरसुद्धा देव्हाऱ्यात देव आहे का ते बघून यायचं असतं." टोमणाच होता, पण खोटा नव्हता.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी महाडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, रोज पोलादपूरहून एसटीने. शिवाय मुंबईतल्या एका सरांच्या हाताखाली पीएचडीला नाव घातलं होतं. विषय हिग्जचा कण. तेव्हा तो कुणालाच सापडला नव्हता, पुस्तकांत मात्र त्याचा भारी मान. बाकीच्या मूलकणांना वस्तुमान मिळतं ते त्याच्यामुळे, असं पुस्तकं सांगायची. आणि तो स्वतः कशाचाही बनलेला नाही, एकसंध आहे, असंही सांगायची. इथे माझ्या मनात पाल चुकचुकायची. ज्यांना स्वतःची फिरकी, म्हणजे स्पिन, नाही असे जेवढे कण तोवर सापडले होते, ते सगळे आणखी लहान कणांच्या जोडीने बनलेले निघाले होते. मग हाच एकटा एवढा सोवळा कसा? माझ्यासारखे शंकेखोर जगात बरेच होते. त्यांचं म्हणणं, हीसुद्धा जोडीच असेल. आतले दोघे एखाद्या अजून न पाहिलेल्या बलाने एकमेकांना घट्ट धरून बसले असतील.

आता हे तपासायचं कसं? कागदावर ते गणित सुटत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये एक चिमुकलं खोटं विश्व मांडायचं, चौकटीच्या वहीसारखं, चौकोनाचौकोनांचं. त्या बलाचे नियम त्याला घालून द्यायचे, मग फासे टाकत टाकत ते विश्व हजारो वेळा हलवायचं, दर वेळी मोजायचं आणि शेवटी सरासरी काढायची. सरासरीत ती जोडी आपल्या भाऊबंदांपेक्षा बरीच हलकी आली, तर ती हिग्ज असू शकते. जड आली तर आमचा संशय फुकट. एवढ्या एका आकड्यावर माझी पीएचडी अडकली होती. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कॉलेज उघडायच्या आत काहीतरी ठोस दाखवा, नाहीतर विषय बदलू. विषय बदलायचा म्हणजे पाच वर्षं पाण्यात.

फाशांबद्दल एक सांगायला हवं. कॉम्प्युटरचे फासे खरे नसतात. त्याला सुरुवातीचा एक आकडा द्यायचा, त्यावरून तो पुढचे लाखो आकडे काढतो. दिसायला अगदी बेभरवशाचे, पण सुरुवात तीच दिली तर पुढची सगळी रांग तीच. म्हणून दर वेळी सुरुवात वेगळी हवी. माझा प्रोग्राम ती मशीनच्या घड्याळातून उचलायचा: तारीख, तास, मिनिट. गेलेली वेळ काय परत येते? दुधावर संशय घेणाऱ्या मला घड्याळावर संशय घ्यायचं काही सुचलं नाही.

प्रयोगशाळेत चार मशीनं होती आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती मला मोकळी मिळाली. पण घरी मुंबईहून दोन नणंदा, त्यांची पोरं, आंबे, फणस, सगळी धमाल. मला मंगळवारी आणि शनिवारीच महाडला येता यायचं. मधल्या दिवसांत भिस्त सगळी मामांवर. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, वरंधचे, पन्नाशीतले. प्रयोगशाळेची चावी त्यांच्या करगोट्याला बांधलेली असायची. प्राचार्यांना हवी असली तरी मामा स्वतः येऊन दार उघडून द्यायचे, चावी द्यायचे नाहीत. त्या सुट्टीत गावी जायचं सोडून ते माझ्यासाठी कॉलेजमागच्या खोलीत राहिले होते.

वीज आठवड्यातून दोन-तीनदा जायची. यूपीएस होता, पण एकच, आणि तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये, तिथल्या कधीही चालू न होणाऱ्या कॉम्प्युटरची राखण करत. अर्धवट राहिलेल्या फाइलवर माझा विश्वास नव्हता. म्हणून वीज परत आली की खेळ पहिल्यापासून, असाच प्रोग्राम मी लिहिला होता. सुरू होताना मशीन आधीची सरासरी आणि आताची वेळ पडद्यावर दाखवून थांबायचं. मामांनी दोन्ही वहीत उतरवायचं आणि एक कळ दाबायची. इंग्रजी त्यांना यथातथाच, पण आकडे मोत्यासारखे. तीन नंबरचं मशीन चालू होताना इंग्रजीत काहीतरी कुरकुर करायचं आणि एक कळ दाबली की गप्प व्हायचं. वर्षानुवर्षं सगळेच ती कळ दाबत आले होते. ती ओळ कुणी वाचली नव्हती, मीही नाही.

तिसऱ्या शनिवारी मी वही घेऊन बसले. एक, दोन आणि चार नंबरच्या मशीनांचा नुसता गोंधळ. आज जोडी हलकी, उद्या जड. पण तीन नंबर! सहाच्या सहा वेळा हलकी. आकडे तिसऱ्या दशांशात तेवढे थोडे इकडेतिकडे. जे मशीन एकमुखाने बोलतं त्याला सरासरीत जास्त वजन द्यायचं, ही आमच्या धंद्यातली रीतच. मी वजन दिलं आणि उत्तर आलं: हलकी! हिग्ज जोडीचा असू शकतो! मी त्या रिकाम्या प्रयोगशाळेत एकटीच हसले. हवं तेच कानावर पडलं की संशयी बाईचेसुद्धा कान तृप्त होतात. तक्ता त्याच दिवशी सरांना पोस्टाने पाठवला.

उत्तर आठवड्याने पोस्टकार्डावर आलं, म्हणजे माझ्या आधी अर्ध्या आळीने वाचलेलं. एकच ओळ: "तीन नंबरचं मशीन इतकं एकमताने कसं बोलतं? तपासा."

झालं! आनंदाच्या जागी संशय येऊन बसला. मंगळवारी महाडला पोचले ती थेट वहीवरच पडले. या वेळी आकडे सोडून वेळेचा रकाना बघितला. एक नंबर: सव्वादहा, चार, दीड. दोन आणि चार नंबरला त्याच वेळा, एखाद्या मिनिटाच्या फरकाने. आणि तीन नंबरला बारा. बारा. बारा. सहाही वेळा बारा. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मामा, इकडे या. हे काय आहे?"

"काय मॅडम?"

"एक नंबरला वीज येते चार वाजता आणि त्याच्या शेजारच्या तीन नंबरला बारा वाजता?"

त्यांनी वही लांब धरून पाहिली. "पडद्यावर होतं ते लिवलं."

"खोलीत बसून लिहिलंत ना? एकदा आकडा बघितलात आणि मग तोच थोडा खालीवर करून उतरवत राहिलात. खरं सांगा."

"नाय मॅडम. आकड्याला मी हात नाय लावला."

"मग काय मशीन खोटं बोलतं?"

"त्ये मला काय ठावं? दिसलं ते लिवलं."

तेच ते उत्तर ऐकून मी आणखी भडकले. माणूस निर्ढावलेला आहे, असं मनात म्हटलं. "चावी द्या इकडे," म्हणाले.

करगोट्याची गाठ जुनी, घट्ट बसलेली. ती सोडवायला त्यांना बराच वेळ लागला आणि मी समोर हात पुढे करून उभी. त्यांनी चावी माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. "जाताना मशीनवर कापड टाका, भिंतीचा चुना पडतोय," एवढं बोलले आणि दुपारच्या भोर गाडीने वरंधला निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः ठाण मांडलं. घरी कॉलेजात मीटिंग आहे म्हणून थाप मारली. अकराच्या सुमारास वीज गेली, पाऊण तासाने आली. तीन नंबर कुरकुरलं. मी कळ दाबायला बोट पुढे केलं आणि पहिल्यांदाच ती ओळ वाचली. आतला सेल संपला आहे, असं ते बिचारं मशीन कधीपासून सांगत होतं. मग तारीख आली: एक जानेवारी १९८०. आणि वेळ: बारा.

सेल मेल्यामुळे वीज गेली की त्या मशीनचं घड्याळ पुसलं जायचं आणि वीज आली की त्याच तारखेला, त्याच मिनिटाला पुन्हा जन्माला यायचं. तीच वेळ, म्हणून तीच सुरुवात, म्हणून तेच फासे. वीज कधी लवकर जायची, कधी उशिरा. तिसऱ्या दशांशातला फरक तेवढाच. तरी खात्री नको का? मी मुद्दाम दोनदा बटण बंद केलं आणि दोन्ही वेळा बरोबर एकेक तास मशीन चालवलं. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले. एकाच माणसाने सहा वेळा मत टाकलं होतं आणि मी त्याला बहुमत समजले होते.

तीन नंबरची पाच मतं बाद केल्यावर उरलं काय? जोडी हलकीही असेल, जडही असेल. काही सांगता येत नाही. पाच वर्षांचं हे फळ! मी टेबलावर डोकं ठेवून रडले, खोटं कशाला बोलू. डोळे पुसायला पर्समधून रुमाल काढायला गेले तर हाताला ती चावी लागली. त्यासरशी पीएचडीचं रडू आटलं आणि गाठ सोडवत बसलेले मामा आठवले.

त्याच दुपारी बिरवाडीवरून जाणारी एसटी धरून वरंधला गेले. मामा घर शाकारत होते, छपरावर. त्यांची बायको खालून कौलं देत होती. मला बघून ती म्हणाली, "उन्हात काय उभी गो बाय, पडवीत ये." मी पडवीत गेले नाही. खालूनच ओरडून सांगितलं, "मामा, मशीनचं घड्याळ मेलेलं होतं. तुम्ही लिहिलं ते सगळं खरं होतं. माझं चुकलं."

ते सावकाश खाली उतरले. हात धुतले. मला कोकमाचं सरबत दिलं. मी पुढे केलेली चावी घेतली आणि गाठ मारता मारता विचारलं, "तुमच्या कामाचं काय झालं मग?"

"गेलं."

"माझ्या लिवण्यानं नाय ना नासलं?"

"नाही हो मामा. तुम्ही बारा लिहिले म्हणून तर कळलं."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि परत शिडीला लागले. मला वाटलं, मिटलं.

कॉलेज उघडलं. पहिल्याच दिवशी मामांनी प्रयोगशाळेची वही समोर ठेवली. प्रत्येक पानावर लाल शाईने एक नवा रकाना आखलेला, वर लिहिलेलं: मॅडमची सही.

"हे कशाला मामा? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"हाय ना. पन सही असलेली बरी."

मग बल्ब बदलला, सही. काचेची नळी फुटली, सही. मशीनं बंद केली, सही. मी चिडून बघितलं, थट्टा करून बघितली, एकदा तर अक्षरशः हात जोडले. "सही असलेली बरी," याच्या पलीकडे माणूस बोलला नाही. आवाजात राग नाही, की कुजकेपणा नाही. असता तर भांडता तरी आलं असतं.

सरांनी विषय बदलला. दुसऱ्या सोप्या विषयावर मी पीएचडी केली. तो कण पुढे सापडला, पण तो एकसंध की जोडीचा, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. माझा संशय तसाच आहे आणि त्याची मला बिलकूल लाज वाटत नाही. मामांवर घेतलेल्या संशयाची मात्र आजही वाटते. मशीनपेक्षा माणूस खोटा असणं मला इतकं सहज पटलं होतं!

मामा निवृत्त झाले तेव्हा नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. स्टाफरूममध्ये शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, वडा-चहा झाला. मग ते एकटेच प्रयोगशाळेत आले. चावी त्यांनी आधीच सोडून हातात आणली होती. या वेळीही त्यांनी ती टेबलावरच ठेवली आणि शेजारी वही उघडली.

"चावी मिळाली म्हणून लिवून द्या, मॅडम."

मी लिहिलं. सही केली.

"येळ पन टाका."

सवयीने माझी नजर शेजारच्या मशीनच्या पडद्याकडे गेली.

"त्येची नको," मामा म्हणाले. "भिंतीवरची बघून टाका."