दसऱ्याच्या पाटावरचं पिस्तूल

तो दसरा काही केल्या मनातून जात नाही. लग्नाआधी मी गावाकडे पोलीस शिपाई होते. शिक्षण जेमतेम बारावी, ती पण काठावर. ठाण्यात माझं काम काय, तर गेटवर पहारा द्यायचा, बाईमाणसाला आणलं की तिच्याजवळ बसायचं, आणि साहेब जबाब घ्यायला लागले की भिंतीला टेकून ऐकायचं. तपास असा माझ्या हातात कधी आलाच नाही. एकच आला, तो पण राजीनामा दिल्यावर, नवऱ्याबरोबर अमेरिकेत आले तेव्हा, नोव्हाला, म्हणजे उत्तर व्हर्जिनियात, अंगावर वर्दी नाही, पैठणी होती.

तिथं एक रिटायर्ड डॉक्टरकाका होते. दसऱ्याला सगळे मराठी लोक त्यांच्याकडेच जमायचे, तेही सुट्टी बघून शनिवारी. पाटावर पूजा मांडलेली असायची, पोरांची पुस्तकं, कोणाचा लॅपटॉप, काकांचा स्टेथोस्कोप. त्या वर्षी मी हळदकुंकू वाहायला वाकले आणि झेंडूच्या फुलांखाली काळं काहीतरी दिसलं. पिस्तूल!

"काका, हे खरं आहे?"

"मग काय खेळण्यातलं ठेवू देवापुढे? शस्त्रपूजा आहे, शस्त्राचीच करायची."

काकू आतून पुऱ्या तळता तळता ओरडल्या, "शेजारी चोरी झाली तेव्हा आणलंय ते. चोर परत आला नाही, पण माझी झोप गेली ती गेलीच."

त्या उन्हाळ्यातच इथल्या मोठ्या कोर्टानं निकाल दिला होता, घरात बंदूक ठेवणं हा माणसाचा हक्क आहे म्हणून. त्यावरून पुरुषमंडळी जेवायच्या आधीच सुरू झाली. माझा नवरा म्हणाला, "काका, हक्क आहे, कबूल. पण घरात एवढी पोरं आहेत यार, कुलपात ठेवा ना."

"उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय पाटावरचं हलवत नाहीत. आणि मॅगझिन काढलंय मी, काळजी करू नकोस."

मॅगझिन म्हणजे त्यातली गोळ्या भरायची पेटी. सगळे गप्प बसले. मी पण बसले, वडील माणसापुढे काय बोलायचं. पण माझा पाच वर्षांचा मुलगा कुठं आहे हे मी जेवताना सारखी बघत होते.

जेवणं झाली. मी नमस्कार करायला परत देवघरात गेले, तर फुलं विस्कटलेली आणि पिस्तूल नाही.

ओरडावंसं वाटलं, पण आमच्या ठाण्यातले हवालदार एक सांगायचे ते आठवलं, घाबरलेल्या माणसावर ओरडलं की हातातली वस्तू तो टाकत नाही, आणखी घट्ट धरतो. मी काकांना नुसती खूण केली. ते आले, पाटाकडे बघितलं आणि पांढरेफटक पडले. म्हणाले, "मी हलवलं नाही गं." काकूंनी पण नाही. म्हटलं, तुम्ही इथंच दारात थांबा, कोणाला काही बोलू नका, मी पोरांकडे जाते.

पोरं खाली बेसमेंटमध्ये होती. बघितलं तर सगळी होती, माझा सोडून. हसत हसत खाली बसले आणि विचारलं, "पाटावरचं काहीतरी कोणी उचललं का रे?"

कोणी म्हणे "नॉट मी", कोणी म्हणे "आय वॉज प्लेइंग." एक जरा मोठी मुलगी होती, दहाएक वर्षांची, ती सगळ्यात आधी बोलली, "व्हॉट गन, मावशी?"

आता मी बंदुकीचं नावच काढलं नव्हतं. पाटावर वस्तू तरी किती होत्या! ठाण्यात अशा वेळी साहेब काही न बोलता नुसतं बघत बसायचे. मी पण तेच केलं. तिचा ओठ थरथरायला लागला. मी तिचा हात धरला, "तुला कोणी रागवणार नाही बाळ, मी आहे ना. फक्त कुठं ठेवलंस ते सांग."

"आय जस्ट वॉन्टेड टु सी. देन समवन केम. मी जॅकेट्सच्या खाली ठेवलं."

जॅकेटं! आलेल्या सगळ्यांची जॅकेटं वरच्या बेडरूममध्ये पलंगावर ढीग करून टाकलेली असतात. आणि लोक निघायला लागले होते. जिन्यात नवरा भेटला, म्हटलं, "आपला कुठंय?"

"वर पाठवलाय, जॅकेटं आणायला. का गं?"

मी वर कशी गेले मला माहीत नाही, पदर पायात येत होता. दारातून बघितलं तर हा पलंगावर चढलेला, ढिगात अर्धा शिरून बाबांच्या जॅकेटची बाही ओढतोय.

हळूच म्हटलं, "सोन्या, बाही सोड. इकडे ये, गुलाबजाम देते."

"बट बाबा सेड..."

"बाबाला मी सांगते. ये राजा."

त्यानं बाही सोडली, उडी मारली, माझ्या कमरेला मिठी मारली. मी त्याला नवऱ्याकडे ढकललं, दार लावलं आणि एकेक जॅकेट उचललं. पिस्तूल तळाशी होतं. आम्हाला ट्रेनिंगला रायफल दिलेली, पिस्तुलातलं मला काही कळत नाही. तसंच राहू दिलं आणि काकांना वर बोलावलं.

काका म्हणाले, "रिकामंच आहे," आणि पिस्तुलाचं तोंड बाहेरच्या भिंतीकडे करून वरचा भाग मागे ओढला. आतून एक जिवंत गोळी टपकन निघून चादरीवर पडली.

मॅगझिन काढलेलं होतं खरं. नळीतली एक राहिली होती.

काका पलंगावर बसले. काकू दारात आल्या, गोळी बघितली. खाली जाऊन अक्षता घेऊन आल्या, पिस्तुलावर टाकल्या आणि म्हणाल्या, "झाली उत्तरपूजा. आता उचला आणि कपाटाला कुलूप घाला. किल्ली माझ्याकडे."

त्या मुलीच्या आईला आम्ही काकांसमोरच सगळं सांगितलं. ती आधी पोरीला ओरडली, मग मिठी मारून रडली. काका तिच्यापुढे हात जोडून उभे होते. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघून हसायलाच लागले, रडू येत होतं तरी. वाचला गं बाई, वाचला.

काका आजही म्हणतात, हक्क तो हक्कच. असेल. त्यातलं मला कळत नाही, मी काही शिकलेली नाही. मला एवढंच कळलं की त्या दिवशी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला भीती वाटत होती, आणि मान राखायचा म्हणून एकानं पण तोंड उघडलं नाही. त्यात मी पण आलेच.

आता मुलगा कोणाकडे खेळायला निघाला की मी आधी फोन करते. मोडकंतोडकं इंग्लिश आहे, तरी विचारते, घरात गन आहे का, लॉक आहे का. पहिल्यांदा जीभ रेटत नव्हती. वाटलं, रागावतील. एक गोरी आई म्हणाली, आहे, ड्रॉवरमध्ये. लॉक नाही. म्हटलं, मग आज तुझा मुलगा आमच्याकडे पाठव.

आला तो. दोघांनी पोहे सगळीकडे सांडले, सोफ्यावर उड्या मारल्या, इतका गोंधळ घातला की खालचे भाडेकरू छत ठोकायला लागले. मी काही एक बोलले नाही. ठोका म्हटलं किती ठोकायचं ते.