दहा मिनिटांचा माणूस

सभागृहात बोललेला शब्दन् शब्द उतरवून घेणाऱ्या लघुलेखकाची पाळी दहा मिनिटांची असते. वेळ संपली की पुढचा लघुलेखक शेजारी येऊन बसतो. मग आधीच्याने वाक्य असेल तिथे सोडून उठायचं आणि खाली जाऊन आपला तुकडा टाइप करायचा. आमच्या लघुलेखकाने अठ्ठावीस वर्षं हेच केलं. त्याने सरकारं डळमळताना पाहिली, पण पडली की सावरली ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं. भांडण त्याच्या वहीत, तर समेट दुसऱ्याच्या.

घरीही तीच गत. बायको काही सांगू लागली की दहाव्या मिनिटाला हा पाण्याचं निमित्त करून उठायचा. तो मुद्दाम करत नसे, पायच उठत. ती बिचारी भिंतीला शेवट सांगून मोकळी व्हायची.

ती शिक्षिका होती. पुलापलीकडच्या शाळेत बावीस वर्षं काढली होती आणि आता तिथे सतरा मुलं उरली होती. शाळा बंद करून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचा घाट घातला जात होता. त्यावर एका सदस्याने अकरा महिन्यांपूर्वी विचारलेला प्रश्न आज पुकारला जाणार होता.

"आज तरी शेवटपर्यंत ऐका हो," सकाळी डबा हातात देताना ती म्हणाली. "नाहीतर याल अर्धी गोष्ट घेऊन."

प्रश्न पुकारला तेव्हा पाळी नेमकी त्याचीच होती. त्या सदस्यांनी नमनालाच घडाभर तेल ओतलं. नऊ मिनिटांत शाळा दीड मिनिट आली, बाकी त्या शाळेत शिकलेले त्यांचे आजोबा. मागच्या बाकावर दोघे पेंगत होते. अखेर मंत्री उठले, त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला, आणि त्याच क्षणी पुढचा लघुलेखक शेजारी येऊन टेकला.

हा उठला नाही.

"अरे, ऊठ की! झाली तुझी पाळी," शेजाऱ्याने कोपराने ढोसलं.

"तू लिही. मीही लिहितो," हा कुजबुजला. जन्मात पहिल्यांदा शेवट ऐकायला मिळणार होता, आणि तोही घरचा.

मंत्र्यांनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. विरोधकांच्या काळात किती शाळा बंद पडल्या तेही सांगितलं. मग म्हणाले, "या शाळेबाबत माहिती गोळा करण्यात येत आहे. मिळताच सभागृहासमोर ठेवण्यात येईल." बाकं वाजली आणि पुढचा प्रश्न पुकारला गेला.

लघुलेखकाने वहीत पाहिलं. या दोन वाक्यांसाठी त्याने फार वर्षांपूर्वीच एक छोटीशी खूण ठरवून टाकली होती, कारण ती वाक्यं रोज यायची. इतकी वर्षं आपलं काहीच हुकलं नव्हतं, हे त्याला आज कळलं.

संध्याकाळी निघताना हातात साहेबांचं पत्र पडलं. नेमून दिलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं अधिक का बसलात, याचा लेखी खुलासा चोवीस तासांत करावा.

"काय झालं?" बायकोने दारातच विचारलं. त्याने मंत्र्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"म्हणजे बंदच," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग बोलत राहिली. पहिल्या बाकावरची ती लंगडी पोर हमरस्ता ओलांडेल कशी, फळ्याला रंग मीच आणला होता, असं बरंच काही. अर्धा तास झाला तरी तो जागचा हलला नाही. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

शेवटी तिने डोळे पुसून ते पत्र वाचलं.

"घ्या वही. लिहा," ती वर्गातल्या आवाजात म्हणाली. "सदर दहा मिनिटांबाबत माहिती गोळा करण्यात येत आहे. मिळताच आपणासमोर ठेवण्यात येईल."

त्याने वहीत ती एक खूण काढली, आणि सकाळी पूर्ण अक्षरांत लिहून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी 'खुलासा समाधानकारक' असा शेरा मारून तो फाइलला लावला.

सुट्टीनंतर शाळा उघडलीच नाही.