टँकच्या झाकणाला लावलेलं कुलूप

वेव्हमेकर उघडला, तर आतल्या पंख्याला निळ्या मांसाचे तुकडे चिकटलेले. वेव्हमेकर म्हणजे टँकमधलं पाणी समुद्रासारखं हलतं ठेवणारा छोटा पंप. मी मागं वळून पाहिलं. डॉक्टर फोनवर बोलत होते. तुकडे कागदात गुंडाळून मी खिशात घातले.

मी धाराशिवला राहतो. घरोघरी फिशटँक बसवणं आणि सांभाळणं हा माझा धंदा. खाऱ्या पाण्याचे टँक आपल्याकडं मोजकेच. त्यातला एक कळंबच्या या डॉक्टरांचा. त्यांचे वडील, अण्णा, भूमकडचे शेतकरी. गुडघे गेल्यावर मुलानं त्यांना कळंबला आणलं. दिवसभर ते टँकसमोर खुर्ची टाकून बसायचे. कोणता मासा कधी कुठं दडतो, हे मला तेच सांगायचे.

चार दिवसांपूर्वी मी त्या टँकमध्ये पाच मशरूम कोरल लावले होते. कोरल म्हणजे प्रवाळ. दिसतो झाडासारखा, पण असतो प्राणी. मशरूम कोरलला टणक सांगाडा नसतो. वर छत्रीसारखी चकती आणि खाली मऊ पाय. त्या पायानं तो स्वतःच दगड धरतो. पण त्याला आठ-पंधरा दिवस लागतात. तोपर्यंत त्याला भोकं पाडलेल्या डब्यात, दगडाच्या बारीक खड्यांवर ठेवायचं. डब्यावर जाळी, उजेड मंद, पाणी संथ. त्यानं खडा धरला की तो खडा ग्लूनं मोठ्या दगडाला चिकटवायचा.

हे सगळं मला माहीत होतं. पण डॉक्टरांकडं रविवारी पाहुणे येणार होते. "डबा-बिबा नको, दगडावर उठून दिसले पाहिजेत," ते म्हणाले होते. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. त्याऐवजी मशरूमच्या पायालाच ग्लू लावला आणि वरच्या दगडावर दाबून बसवले. मऊ अंगाला ग्लू धरत नाही. कोरल बुळबुळीत स्राव सोडतो आणि निसटतो. पाचातले दोन निसटले आणि पंपात गेले. त्यांच्या घाणीनं पाणी बिघडलं. क्लाउनफिशची जोडी होती, त्यातला एक मासा मेला.

डॉक्टर फोन ठेवून आले. "कशानं झालं असेल?"

त्यांचा नवा दवाखाना होत होता. तिथल्या मोठ्या टँकचं काम मला देणार, असं ते बोलले होते. ते माझ्या डोक्यात होतं.

"कुणी हात घातला तर मशरूम निघू शकतात," मी म्हणालो.

दिवसभर टँकजवळ एकच माणूस असायचा. डॉक्टर त्यांच्याकडं वळले.

"अण्णा, तुम्ही पाण्यात हात घातला का?"

"न्हाय बा. म्या कशाला घालू?"

"आठवून बघा."

"न्हाय घातला."

डॉक्टर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हल्ली विसरतात ते. झाकणाला एक कुलूप बसवून द्या."

मी बसवलं. बाजारात जाऊन छोटं कुलूप आणलं, झाकणाला कडी लावली, किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली. अण्णा दोन हातांच्या अंतरावर बसून बघत होते. एरवी निघताना मी त्यांना नमस्कार करायचो. त्या दिवशी केला नाही.

आठ दिवसांनी पाणी तपासायला गेलो. डॉक्टर दवाखान्यात होते. अण्णांची खुर्ची आता खिडकीकडं होती, टँकला पाठ करून. झाकणाला कुलूप होतं, म्हणून मी टँकखालच्या फिल्टरमधून नळीत पाणी घेत होतो, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"हिकडं ये. एक इचारतो, खरं सांग."

"विचारा ना, अण्णा."

"म्या खरंच हात घातला व्हता का रं? पोरगं म्हणतं, तुमी इसराय लागलाव. परवा लातूरला डोक्याचा फोटू काढायला न्यायचंय. रोज दिवस मावळला का म्या सकाळपासनं सगळं आठवून बघतो. काय खाल्लं, कोण आलं, कोण काय बोललं. समदं आठवतं. तेवढंच आठवत न्हाय."

माझ्या हातात पाणी तपासण्याची नळी होती. ती खाली ठेवली.

"अण्णा, तुम्ही हात घातला नव्हता. चूक माझी होती."

मग ग्लूपासून खिशातल्या कागदापर्यंत सगळं सांगितलं.

"म्हंजी माझं डोस्कं ठीक हाय."

"व्हय."

"आन कुलूप लावत व्हतास तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"म्या समोरच बसलो व्हतो की."

मी झाकणावरच्या कुलपाकडं बघितलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग? त्याला जाऊन सांग."

दवाखाना त्याच गल्लीत होता. पेशंटबरोबर बाकावर बसून राहिलो. नंबर आल्यावर आत गेलो आणि सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"म्हणजे मी माझ्या बापाला खोटं पाडलं, आणि तुम्ही बघत उभे राहिलात."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"आधी ते कुलूप काढा," त्यांनी किल्ली दिली. "आणि उरलेले तीन नीट लावून द्या. मग येऊ नका."

कुलूप काढलं. तिन्ही मशरूम अलगद सोडवून डब्यात खड्यांवर ठेवले, वर जाळी बांधली, डबा वेव्हमेकरपासून लांब, खालच्या कोपऱ्यात. बाराव्या दिवशी तिघांनीही खडे धरले होते. खडे खालच्या दगडाला चिकटवले. तासाभरात चकत्या पूर्ण उघडल्या. लातूरला जायचं रद्द झालं होतं आणि अण्णांची खुर्ची टँकसमोर परत आली होती. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली.

नव्या दवाखान्यातला टँक सोलापूरच्या माणसानं बसवला. चांगला बसवलाय, असं ऐकलं.

ग्लू खड्याला लावायचा, मशरूमला नाही. हे मी नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो. कशानं झालं असं कुणी विचारलं, तर आधी माझं काम तपासतो आणि जे सापडेल ते दाखवतो. यामुळं दोन गिऱ्हाइकं तुटली. तुटू दिली.