विहिरीत उतरलेला हिरवा रंग

...अरे, मरणाचं इतक्यात नको लिहू, आधी रंगाचं लिही. तर आरोग्य मंडळाचा तो हिरवा साहेब, आपल्या शेजारच्या ताईचा धाकटा भाऊ. संडासाच्या टाक्या तपासायचं त्याचं काम. टाकी झिरपते असा संशय आला की संडासात हिरवा रंग ओतायचा आणि जवळच्या विहिरीवर नजर ठेवायची. पाण्यात हिरवं दिसलं की टाकी बंद. पोरं लांबूनच ओरडायची, "साहेब, आज काय रंगवताय?" तोही हसायचा, "तुझं तोंड! ये इकडं!"

आई लवकर गेली, म्हणून ताईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. साहेब झाला तरी सुट्टीच्या दिवशी हिच्याच स्वयंपाकघरात येऊन बसायचा.

त्या वर्षी खालच्या आळीतली पोरं जुलाबानं एकामागून एक आडवी झाली. सगळी एकाच विहिरीचं पाणी प्यायची, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला घर एकच, ताईचं. ऑफिसातला दुसरा तपासनीस म्हणाला, "तिथं मी जातो." हा म्हणाला, "नको. परक्यानं सांगितलं तर तिला लागेल." तिथंच चुकलं बघ त्याचं.

रंग ओतला. चार-पाच दिवसांनी विहिरीत हिरवं उतरलं. सगळी आळी त्याच्या मागोमाग ताईच्या दारात. बहिणीला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून हा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, कागदात बघत म्हणाला, "बाई, तुमची टाकी विहिरीला फार जवळ आहे. दुसरी बांधेपर्यंत संडास वापरता येणार नाही."

"बाई? कोण बाई रे? तुझा शेंबूड पुसला मी, आणि मी बाई?"

त्यानं संडासाच्या दाराला सील लावलं आणि गेला. संध्याकाळी स्वतःच गवंडी घेऊन आला, तर हिनं दाराआडून सांगितलं, "साहेबांना म्हणावं, बाई घरात नाहीत."

तेव्हापासून अबोला. परसाच्या दुसऱ्या टोकाला टाकी होईपर्यंत ती माझ्याकडे यायची संडासला, भिंत धरत, गुडघे चोळत. तरी म्हणायची, "पोरं गेली असती गं. त्याचं बरोबरच होतं. फक्त ताई म्हणायचं होतं." मी म्हटलं, मग बोल की! "आधी त्याला येऊ दे." आणि तो यायचा, पण विहिरीपर्यंतच. तपासायला पाण्याची बाटली भरायचा, वर दाराकडे बघत राहायचा. हिनं एक हाक मारली की धावत जायचं, एवढंच त्याच्या मनात. हाक काही आली नाही. दोघंही एका मुशीतली.

गेल्या महिन्यात ती गेली. ताप होता. नळाचं पाणी पुढं केलं तर तोंड फिरवलं. "खालच्या विहिरीचं आण. माझ्या भावानं नीट केलंय ते." दोन घोट प्याली.

तिला स्मशानात न्यायला निघाले तेव्हा तो सगळ्यांच्या मागे उभा होता, परक्यासारखा. मी गर्दीतून वाट काढत जाईपर्यंत निघून गेला. आता म्हणे नोकरी संपली, तरी विहिरीच्या कठड्यावर येऊन बसतो. उतार उतरायला माझे पाय चालत नाहीत. म्हणून हे जो कुणी वाचेल आणि तिकडून जाईल, त्यानं जरा थांबावं, त्याला एवढं सांगावं, की ती ते पाणी मागून प्याली.