नारायण पेठेतलं तिसरं घर

आता तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. नाहीतर ही फजिती मी स्वतःलासुद्धा पुन्हा आठवू दिली नसती!

आमची नात सई. तिने आपलं आपणच जमवलं होतं. मुलगा निखिल, राहणार धायरी. फक्त मोठ्यांची भेट बाकी होती, आणि त्या घरात शेवटचा शब्द निखिलच्या पणजीचा. वय चौऱ्याण्णव! रिक्षातच सईने माझा हात घट्ट धरला.

"आजोबा, प्लीज. तिथे लेक्चर नको."

"मी कशाला बोलतोय?"

यावर आमची ही नुसतीच हसली.

तिथे गेलो तर सगळे गप्प. चमच्यांचा आवाज तेवढा. मला शांतता सोसत नाही हो! चाळीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. वर्ग गप्प झाला की अजून वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मग काय, काढली बाबांची गोष्ट.

बाबा साताऱ्याहून मुलगी बघायला पुण्यात आले. पत्ता काय, तर नारायण पेठेत मारुतीच्या देवळापासून तिसरं घर. बाबांनी घरं बरोबर मोजली, पण देवळाच्या भलत्याच बाजूला! आणि योगायोग बघा, त्या घरीही त्याच दिवशी एक स्थळ यायचं होतं. त्यांनी बाबांना बसवलं, पोहे दिले. नाव-गाव विचारायची वेळ आली तेव्हा घोटाळा कळला, पण तोवर दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. ती माझी आई! दर दिवाळीत बाबा हे सांगायचे आणि आई पदरात तोंड लपवून दर वेळी नव्याने हसायची. ते हसू ऐकायलाच मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो.

पणजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. ऐकू येत नसावं, म्हणून मी आवाज चढवला.

"आणि बरं का आजी, त्या खऱ्या घरची मुलगी म्हणे फार फटकळ होती! बाबा थोडक्यात वाचले!"

खरं सांगू? हे बाबा कधीच म्हणाले नव्हते. गोष्टीत रंग भरायला मीच घातलं. कुठून बुद्धी झाली!

"ओरडू नका, मला ऐकू येतं," पणजी म्हणाल्या. "देवळाच्या कुठल्या बाजूला मोजलं त्यांनी?"

"डाव्या."

"उजवीकडचं तिसरं घर आमचं. दिवे लागेपर्यंत नवं लुगडं नेसून बसले होते मी."

पुण्यात इतकी घरं, इतकी माणसं, आणि नेमकं हेच घर? सईचा चेहरा पांढराफटक. निखिल पंख्याकडे बघतोय. माझ्या मूर्खपणाने पोरीचं लग्न मोडणार! आणि मी घाबरलो की काय करतो? शिकवायला लागतो.

"अहो आजी, पण असा विचार करा. बाबा त्या दिवशी चुकले नसते, तर आज तुमचा हा पणतू नसता, सई नसती, मी नसतो!"

पणजींनी शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. सईला जवळ बोलावून शेजारी बसवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग माझ्याकडे वळल्या.

"पहिल्या दोघांसाठी तुमच्या वडिलांना माफ केलं. तिसऱ्याशिवाय आमचं भागलं असतं."