वाडीच्या रांगेत उघडलेला तळहात

नृसिंहवाडीला गेले तेव्हा माझा दत्त महाराजांवरचा विश्वास डळमळला होता, हे आधीच सांगते. सोरायसिस माझा जुना सोबती; कोपरांवर, गुडघ्यांवर गप्प पडून असायचा. पण गेल्या थंडीत फ्लूचा ताप आला, आणि तो उतरतो न उतरतो तोच अंगभर लाल चट्टे उठले. तळहातांना भेगा पडल्या, खपल्या सुटू लागल्या. त्यात लेकीचं, अश्विनीचं, पहिलं बाळंतपण पावसाळा सरताना माझ्याकडे कोल्हापुरात व्हायचं होतं. या हातांनी बाळाला घ्यायचं कसं, या एकाच विचारानं मी झुरत होते. हा आजार स्पर्शानं लागत नाही, हे मला पाठ होतं. पण लोकांच्या नजरा झेलून झेलून माझं मलाच ते पटेनासं झालं होतं.

त्वचेच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "काकू, पुन्हा ताप आला तर कातडी पुन्हा भडकेल, शिवाय घरात तान्हं बाळ असणार. फ्लूची लस घेऊन टाका." मी बिचकले. कोरोनाच्या लशीनंतर माझे चट्टे थोडे वाढले होते की! त्यावर त्या म्हणाल्या, "लशीनं एखाद्याला थोडंफार वाढतं, पण तापानं तुमचं काय झालं ते बघताय ना?" पटत होतं, पण पाऊल उचलत नव्हतं. एरवी मी तोंडाची फटकळ, पण सुईपुढं बोबडी वळते. शेवटी नृसिंहवाडी गाठली आणि पादुकांपुढं उभी राहून भांडलेच, "आता काय ते तूच बघ."

तीर्थ घेताना उजव्या तळहाताखाली डावा धरायचा, थेंब खाली सांडू द्यायचा नाही, ही लहानपणापासूनची शिस्त. माझे दोन्ही हात पदराखाली. पुजारी पळी धरून थांबले, मागची माणसं कुरकुरू लागली. कसाबसा उजवा हात पुढं केला. डावा काढायचा धीर होईना. तेवढ्यात मागच्या बाईनं आपला तळवा माझ्या भेगाळल्या हाताखाली धरला.

"अवो मावशी, सांडंल की तीर्थ! घ्या, मी धरलंय."

मी पुटपुटले, "सोरायसिस आहे मला."

"व्हय, दिसतंय की. आमच्या सासूला, आत्तींला बी हाय. लगीन झाल्यापासनं एका ताटात जेवतोय आमी. लागायचं असतं तर आख्खं कोडोली गाव खाजवत बसलं असतं!"

तीर्थ भेगांना झोंबलं. माझ्या बोटांतून ओघळलेला थेंब त्या बाईनं आपल्या डोळ्यांना लावला आणि ती गर्दीत निघून गेली. नाव विचारायचंही राहिलं. मी घाटावर बसून पोटभर रडले.

परकी बाई माझ्या हाताला भ्याली नाही, मग मी सुईला काय भ्यायचं, म्हणत पुढच्याच आठवड्यात लस घेतली. दंड दुखला, कोपराशी चट्टे जरा वाढले, मलमानं बसले. पावसाळ्यात गल्लीत घरोघरी माणसं तापानं झोपली होती, मी मात्र लेकीचे डोहाळे पुरवत हिंडत होते. हात पुरते बरे झाले नाहीत, खोटं कशाला सांगू?

अश्विनीला मुलगी झाली. मी पाळण्यापासून चार हात लांब उभी. लेक वैतागली, "आई, लांबनं काय बघतीस? घे की तिला!" घेतलं. नातीनं माझं खपल्यांचं बोट मुठीत धरलं आणि ती झोपून गेली.

मी महाराजांकडे नितळ हात मागत होते. त्यांनी आहेत तेच चालवून घेतले. आता मीही घेते.