पंपवाल्याच्या बायकोची मुलाखत

"मग पायच घसरला असेल त्यांचा. अंधार होता ना, मावशी?"

पाण्याच्या टाकीवरच्या पंपवाल्याची बायको भिंतीला टेकून बसलेली, तोंडाला पदर. काहीतरी बोलायला तिनं ओठ उघडले होते, ते तसेच मिटले. मान हलली.

"हो बाई. तसंच."

पेपरातल्या पोरीनं लिहून घेतलं आणि उठली. "येते मावशी. त्रास दिला."

पेपरात लागून तिला फार दिवस झाले नव्हते. ऑफिसात तिला टकळी म्हणायचे, कारण तोंडाला विसावा नाही. पण उगाच बडबडणाऱ्यातली ती नव्हती. बाप शिंपी, आणि बोलताना अडखळणारा. त्याचा शब्द घशात रुतलाय आणि समोरचं गिऱ्हाईक गालात हसतंय, हे तिला लहानपणापासून सोसायचं नाही. बापानं "बा... बा..." केलं की ही आतून ओरडायची, "बाही आखूड हवी का, विचारतायत!" गिऱ्हाईक मोकळं, बापाची सुटका. माणूस अडला की त्याचा शब्द आपण पुरा करायचा, ही तिची माया. तीच घेऊन ती मुलाखतींना जायची. दुःखातला माणूस गप्प बसला की हिचाच जीव कासावीस.

बातमी छापून आली. पाय घसरून पंपवाला टाकीत पडला आणि गेला, असं पत्नीनं सांगितलं. दोन दिवसांनी पत्नी ऑफिसात हजर, हातात पेपराची घडी.

"मी कधी म्हटलं गं, पाय घसरला?"

"मावशी, मी विचारलं, तुम्ही हो म्हणालात."

"तू म्हणालीस. मी मान हलवली. तेव्हा कुणी ‘तूच ढकललंस का’ विचारलं असतं, तरी हलवली असती."

संपादक खुर्चीतून उठले. "तुम्हाला काय सांगायचं होतं, बाई?"

"टाकीचं झाकण कुजलं होतं. हे रोज मुकादमाला सांगायचे, बदला, कुणीतरी जाईल आत. मुकादम म्हणायचा, तूच जाशील, बघून चालत जा. तेच सांगायला तोंड उघडलं, तर ही मध्येच... आता मुकादम तुमचा पेपर नाचवतोय. बायकोच सांगते म्हणे! झाकण रातोरात नवं. आणि गल्लीत कुजबुज, प्यायलेला असणार. थेंबाला शिवले नाहीत कधी. एकदा टाकीत पडले, एकदा तुमच्या पेपरात."

टकळीनं तिच्या हातातली घडी घेतली आणि आपलीच बातमी पुन्हा वाचली.

खुलासा छापला, आतल्या पानावर, तळाला. पण जुनं झाकण भंगारात गेलं होतं. चौकशीवाल्यांनी ‘पाय घसरला’ हेच कायम ठेवलं.

संध्याकाळी तिनं बापाला सगळं सांगितलं. बाप सदऱ्याला काजं करत होता.

"तू सां... सां..."

ती ओठ दाबून बसली. बापाला बराच वेळ लागला.

"तू सांगायचीस, ते मला दर... दर वेळी म्हणायचं नसायचं, पोरी."

"मग बोलला का नाहीत, अण्णा?"

बापानं दातानं दोरा तोडला. "तु... तुला बरं वाटायचं."

सकाळी ती पंपवाल्याच्या घरी गेली. मावशी दारात भांडी घासत होती.

"मावशी, सगळं सांगा. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही."

"आता ऐकून काय करशील? लिहून झालं की तुमचं."

"तरीपण, मावशी."

"नको बाई. मला आता बोलायचंच नाही." मावशीनं भांडी उचलली आणि आत गेली. दार उघडंच होतं, पण ये म्हणाली नाही. टकळी पायरीशी उभी राहिली. आतून भांडी लावल्याचा आवाज येत होता. तो थांबला, तशी ती निघाली.

ऑफिसात फोन केव्हाचा वाजत होता.

"टकळे, घे गं तो," उपसंपादक ओरडला. "उद्या पाणी कुठल्या भागात कधी येणार, ते असेल."

तिनं पेन शोधलं, फोन उचलला.

"हां, सांगा," म्हणाली, आणि लिहायला लागली.